गॅलिफ स्ट्रीटवर एक रविवार: छोट्या माशांसाठी फिल्टर शोधताना

कोलकात्यात पाहुणे आले की त्यांना व्हिक्टोरिया मेमोरियल दाखवतात, हावडा ब्रिज दाखवतात, मग मिठाईच्या दुकानात नेतात. मला माझ्या सात वर्षांच्या भाचीने रविवारी पहाटे सहाला उठवलं आणि मासळी बाजारात नेलं. खायच्या नाही, पाळायच्या माशांच्या. तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर बंगालीत, मराठीत आणि चित्रात मिळून एकच गोष्ट लिहिली होती: मासा न खाणारा फिल्टर.

त्या कागदामागची गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाजारात आपण काय शोधत होतो ते तुम्हाला कळेल.

माझी मावसबहीण लग्न होऊन कोलकात्यात स्थायिक झाली. मी गेले त्याच्या पंधरा दिवस आधी तिच्याकडे फिशटँक आला होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात पाच झेब्रा मासे आणि तीन हनी गोरामी. झेब्रे इतके पळायचे की त्यांना नावं ठेवणं शक्य नव्हतं. गोरामींना मात्र भाचीने नावं दिली होती: जिलबी, बुंदी आणि संदेश. टाकी घराजवळच्या दुकानातून घेतली, त्याच दुकानदाराने फिल्टरही दिला. ‘मोठा घ्या, पाणी काचेसारखं राहील,’ म्हणाला.

पाणी खरंच काचेसारखं होतं. पण एका सकाळी जिलबी फिल्टरच्या खालच्या फटींना चिकटलेली दिसली. फिल्टर बंद केल्यावर ती सुटून तळाशी गेली. तोवर सगळं संपलं होतं.

भाची रडली, जेवली नाही, आणि मग शांत झाली. ही शांतता आम्हाला समजूतदारपणाची वाटली. प्रत्यक्षात तिने एक निर्णय घेतला होता. रात्री सगळे झोपले की ती उठायची आणि फिल्टरचं बटण बंद करायची. बुंदी आणि संदेश वाचावेत म्हणून. सकाळी ताई उठायच्या आत पुन्हा चालू. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठले तेव्हा पाचही झेब्रे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून श्वास घेत होते आणि टाकीला एक आंबूस वास येत होता.

तुमच्याकडे टाकी असेल तर हे नीट लक्षात घ्या. पंखा जसा गरज नसताना बंद करतो, तसा फिल्टर बंद करायचा नसतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. त्यातलं नायट्रेट बरंच कमी घातक असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. या जिवाणूंना जगायला प्राणवायू लागतो. डबाबंद फिल्टर तासन् तास बंद राहिला की आतलं पाणी कुजतं, आणि सकाळी बटण दाबलं की तेच पाणी टाकीत येतं. त्यात एप्रिलचा उकाडा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो.

थोडक्यात, चालू फिल्टरने एक मासा गेला होता आणि बंद फिल्टरने बाकीचे जाणार होते. ताईने भाचीला रागावून पाहिलं. पण पोरीचा प्रश्न बरोबर होता. ‘तो पुन्हा खाणार नाही कशावरून?’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

शौकाचा बाजार

गॅलिफ स्ट्रीट उत्तर कोलकात्यात आहे, बागबाजारच्या बाजूला, जुन्या कालव्याच्या काठाने. दर रविवारी तिथे पाळीव प्राण्यांचा आणि झाडांचा बाजार भरतो. बंगालीत याला शौकाचा हाट म्हणतात. पूर्वी हा हातीबागानला भरायचा, नंतर इकडे आला. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून आम्ही टॅक्सीने श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात उतरलो. घोड्यावरच्या नेताजींचा पुतळा आहे तो चौक. तिथे एका टपरीवर मातीच्या कुल्हडातून चहा आणि पानावर गरम कोचुरी-आलूर तोरकारी खाल्ली. (जाणार असाल तर हे आधीच उरका. एकदा बाजारात शिरलात की खायला हात मोकळे राहत नाहीत.)

पुढे पायीच. आधी रोपवाले लागतात. जास्वंद, क्रोटन, मातीच्या कुंड्या, खताची पोती. मग कबुतरं, ससे, कुत्र्याची पिल्लं. पिंजऱ्यांच्या भागातून मी भाचीचा हात धरून भराभर निघाले. आपल्या देशातले पोपट, मुनिया पकडून विकायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि वनखात्याचे छापेही इथे पडतात. कुणी हळूच पोपट दाखवायला लागलं तर पुढे चालायला लागा.

मग मासे सुरू होतात, आणि ते संपतच नाहीत.

फुटपाथवर ॲल्युमिनियमची पातेली, प्लॅस्टिकचे टब, आणि दोरीला टांगलेल्या हवा भरलेल्या पिशव्या. त्यात लाल, निळे, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे जीव. उन्हात त्या पिशव्या कंदिलासारख्या दिसतात. एकीकडे जिवंत खाद्य मोजून विकणारे बसलेले. लाल बारीक किड्यांचा गोळा थरथरत असतो, तो कागदात बांधून देतात. पश्चिम बंगाल हे शोभेच्या माशांचं मोठं केंद्र आहे. हावडा आणि चोवीस परगण्यातल्या गावांमध्ये अनेक घरांचा हा जोडधंदा आहे. परसातल्या तळ्यात, सिमेंटच्या हौदांत मासे वाढवायचे आणि बाजाराला आणायचे. म्हणजे इथे तुम्ही ज्याच्याकडून मासा घेता, त्याने तो मासा अंड्यापासून पाहिलेला असण्याची बरीच शक्यता असते. हे दुकानात मिळत नाही.

‘काकू, ओ काकू!’ भाचीने हाक मारली. मी बाईमाणूस शोधायला लागले. उत्तर दिलं पांढऱ्या मिशांच्या, चौकड्याची लुंगी नेसलेल्या एका आजोबांनी. बंगालीत काकू म्हणजे काका! माझ्या कानाला ते शेवटपर्यंत सवयीचं झालं नाही. तरी इथे त्यांना काकूच म्हणते, कारण आमच्या घरात आता त्यांचं तेच नाव आहे.

तळ्यातला की नदीतला?

भाचीने कागद पुढे केला. काकूंनी चष्मा कपाळावर ढकलून चित्र पाहिलं आणि हसले नाहीत. मला ते तिथेच आवडले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो फिल्टरबद्दल नव्हता.

‘पुकुरेर माछ, ना नोदीर माछ?’ तळ्यातला मासा की नदीतला?

आम्ही हनी गोरामी म्हटल्यावर त्यांनी शेजारचा टब ओढला. आत मधाच्या रंगाचे, दोन बोटांच्या पेरांएवढे मासे पानांच्या आड निवांत तरंगत होते. ‘चुना खोलशे,’ ते म्हणाले. हा परदेशी मासा नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, बंगालच्या डबक्यांतला, शेताकडेच्या पाणथळीतला हा मासा आहे. तुम्ही घरी गुगल केलंत तर त्याचं शास्त्रीय नाव ट्रायकोगॅस्टर चुना असं दिसेल. त्यातलं ‘चुना’ बंगालीतूनच गेलंय. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेतल्या माशांवर मोठं पुस्तक छापलं, त्यात हा मासा आहे. आमचे झेब्रेही त्याच पुस्तकात आहेत. डॅनिओ हे झेब्र्याचं नाव ‘धानी’वरून, म्हणजे भाताच्या खाचरातला.

तर खोलशे हा संथ पाण्याचा मासा. वाहत्या पाण्याशी झुंजायची त्याला सवयच नाही. शिवाय त्याचा श्वास वेगळा. कल्ल्यांबरोबर त्याच्या डोक्यात एक खास अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. पाण्याचा वरचा थर सतत उसळत राहिला तर त्याला नीट श्वास घेता येत नाही, आणि दिवसभर प्रवाहाशी लढून तो थकतो. झेब्र्याचं उलट. तो ओढ्यांतूनही राहतो, त्याला थोडी धार आवडते, तो धारेत खेळतो.

काकूंनी विचारलं, फिल्टर केवढा? मी फोनमधला खोक्याचा फोटो दाखवला. तासाला १००० लिटर. टाकी केवढी? दोन बाय एक बाय एक. त्यांनी हवेत बोटाने हिशोब केला. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. टाकी दोन घनफुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५७ लिटरच्या आत. वरची मोकळी जागा आणि खालची वाळू सोडली तर पाणी जेमतेम ५०.

म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला वीस वेळा फिरत होतं! छोट्या माशांच्या टाकीला तासाला चार-पाच वेळा पुरतं, संथ पाण्याच्या माशांना त्याहून कमी चालतं. खोक्यावरचा आकडा फिल्टर नवा, स्वच्छ आणि रिकामा असतानाचा असतो, प्रत्यक्षात धार थोडी कमी मिळते, हे खरं. तरी हा हिशोब दुकानात उभं राहून करण्यासारखा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, त्याला २८ ने गुणा. दुकानदार काय म्हणतो ते त्यानंतर ऐका.

पण मला खरी समज आली ती फटींची गोष्ट ऐकल्यावर. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, पण जोरात उडतं. ओढण्याचंही तसंच आहे. मोटरच्या फिल्टरला खाली चार-सहा अरुंद फटी असतात. तासाला शेकडो लिटर पाणी तेवढ्याच जागेतून आत जायचं, म्हणून फटीजवळ ओढ जोरदार. बोटभर लांब गेलात तर काही जाणवत नाही, पण फटीसमोर आलेला नाजूक मासा, लांब शेपटीचा फायटर, गप्पीचं पिल्लू यांना सुटता येत नाही. हेच पाणी ओढायची जागा मोठी केली, तर ओढ त्या सगळ्या जागेवर वाटली जाते आणि कुठेच जोर राहत नाही.

स्पंज फिल्टर म्हणजे नेमकं हेच. काकूंनी एक हातात दिला. दंडगोल काळा स्पंज, मध्ये उभा पाइप, त्यात हवेची नळी. मोटर पाण्यात नाहीच. बाहेरचा छोटा एअर पंप नळीतून हवा सोडतो, बुडबुडे पाइपातून वर येताना पाणी घेऊन येतात, आणि त्या जागी नवं पाणी स्पंजच्या चहूबाजूंनी आत झिरपतं. नखाएवढं पिल्लू स्पंजवर बसलं तरी त्याला काही होत नाही. उलट स्पंजवर जमलेले सूक्ष्म जीव पिल्लं खातात. किंमत दीडशे रुपयांच्या आत. आम्ही टॅक्सीला त्याहून जास्त दिले होते.

भाचीने स्पंजला बोट लावून पाहिलं. मग दोन्ही हात. मग गाल लावणार होती, तेवढ्यात मी आवरलं.

जिलबी कशाने गेली?

मी पैसे काढत होते. काकूंनी थांबवलं आणि भाचीलाच विचारलं, जिलबी आधी नीट खात होती का?

भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, दोन दिवस कोपऱ्यात बसायची. पंख मिटून. खायला टाकलं की यायची नाही.

हा भाग मला तुम्हाला सांगावासा वाटला, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. फिल्टरला चिकटलेला मासा दिसला की आपण फिल्टरला खुनी ठरवतो. पण धडधाकट प्रौढ मासा सहसा फटीजवळून सुटून जातो. जो आधीच आजारी आहे, थकलाय, विषारी पाण्यात अर्धमेला झालाय, तो ओढीला सापडतो. पंधरा दिवसांच्या नव्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधीच एकदम आठ मासे सोडले की अमोनिया वाढत जातो, आणि पाणी दिसायला मात्र काचेसारखं स्वच्छ! पाण्याकडे पाहून अमोनिया कळत नाही, तपासणीचं किट लागतं. मेलेला मासा फिल्टरला मिळाला म्हणजे तो फिल्टरनेच मेला असं नाही, मेल्यावरही पाण्याची ओढ त्याला तिथेच आणून ठेवते.

म्हणजे दोष फिल्टरचाही होता, आमच्या घाईचाही. तासाला वीस वेळा फिरणाऱ्या पाण्यात लढून थकलेला, न खाणारा मासा. सात वर्षांच्या मुलीला हे सांगावं का? मी असते तर नसतं सांगितलं. काकूंनी सांगितलं, साध्या बंगालीत, तिच्या उंचीला वाकून. ताई नंतर मला म्हणाली की त्यांनी शेवटी असं म्हटलं: मासा दोन वेळा जेवला नाही तर मोठ्या माणसांना सांगायचं, ते तुझं काम.

तिला काम मिळालं. फिल्टर बंद करण्यापेक्षा हे काम बरं होतं.

मग भाचीने नवा मासा मागितला. टबात शंभरभर होते. काकूंनी मान हलवली. आज नाही. आधी पाणी बसू दे, एक महिन्याने ये. गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्याकडून आम्ही स्पंज फिल्टर, एअर पंप, नळी आणि जुन्या फिल्टरला लावायला एक छोटा सुटा स्पंज घेतला.

घरी आल्यावर

आता तुमच्या कामाचं सांगते.

टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा. मासा फटीला अडकलेला दिसला तरी ओढायचा नाही. वीज बंद केली की ओढ थांबते आणि तो आपोआप सुटतो, ओढलात तर खवले आणि पंख तिथेच राहतात. वायर टाकीतून थेट प्लगकडे वर जात असेल, तर तिला मध्येच खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली टपकतं. लहान मुलं असलेल्या घरात हे मी पहिलं सांगेन.

जुना फिल्टर आम्ही फेकला नाही. त्यात वीस दिवसांचे जिवाणू होते. त्याची धार सगळ्यात कमीवर आणली (बऱ्याच फिल्टरांवर त्यासाठी खटका असतो, आमच्याकडे कुणी तो पाहिलाच नव्हता!), बाहेर पडणारं पाणी मागच्या काचेवर आदळेल असं तोंड फिरवलं, आणि फटींवर सुटा स्पंज चढवला. नवा स्पंज फिल्टर दुसऱ्या टोकाला ठेवला. जुन्याचा काळपट गाळ टाकीच्याच पाण्यात पिळून तो नव्या स्पंजवर ओतला, म्हणजे जिवाणूंना नवं घर लवकर मिळतं. पाणी दोन मिनिटं गढूळ झालं, घाबरू नका. महिनाभर दोन्ही चालवायचे ठरलं. एक टोक झेब्र्यांचं, एक गोरामींचं.

फटींवर लावायला खास स्पंज मिळाला नाही तर काय? मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुना धुतलेला नायलॉनचा मोजा केबल टायने बांधून तात्पुरतं भागतं. रबरबँड पाण्यात सैल पडतो. पण जाळी बारीक असली की लवकर तुंबते, धार मरते आणि मोटर तापते, म्हणून दोन-तीन दिवसांनी पाहायला हवं. मच्छरदाणी मोठ्या माशांपुरती ठीक, गोरामीची नुकती जन्मलेली पिल्लं तिच्यातून सहज जातात, ती तीन मिलिमीटरसुद्धा नसतात. भांडी घासायचा स्पंज मात्र कधीच नको. त्यात साबण किंवा जंतुनाशक मुरवलेलं असू शकतं.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा पिळून. नळाखाली धरलात की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. ताईने लग्नानंतर प्रत्येक गोष्ट स्वच्छ घासून धुतली आहे, त्यामुळे मळकट स्पंज मळकटच ठेवायचा हे तिला सगळ्यात जड गेलं.

एअर पंपाची एक गोम आहे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकतं. पंप टाकीच्या वरच्या फळीवर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे. पंप घरघर करतो हेही खरं. आम्ही त्याच्याखाली जुन्या चपलेचा रबरी तुकडा ठेवला, बराच फरक पडला.

गप्पी पाळणाऱ्यांनो, तुमची पिल्लं जन्मताच पोहायला लागतात, आणि पहिल्या दिवशी त्यांना फिल्टरइतकाच आईबापांचाही धोका असतो. त्यांच्यासाठी वेगळा छोटा टब, दाट शेवाळ आणि हळू बुडबुड्यांचा स्पंज फिल्टर एवढं पुरे. फायटरवाल्यांनी ओढीबरोबर बाहेर पडणारी धारही पाहावी, त्याचे मोठे पंख पालासारखे भरतात आणि तो टाकीभर ढकलला जातो. आणि सगळ्यांनाच स्पंज फिल्टर हवा असंही नाही. आपल्या पश्चिम घाटातला ‘मिस केरळ’ मासा घ्या, लाल-काळ्या पट्ट्याचा. त्याच्या शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे, सह्याद्रिया डेनिसोनी. तो वेगाने वाहणाऱ्या नद्यांचा. त्याला संथ, बुडबुड्यांची टाकी दिलीत तर तो गुदमरल्यासारखा होतो. काकूंचा प्रश्न त्यालाही लागू, फक्त उत्तर उलटं.

बॉटनिकल गार्डनमधलं तळं

सोमवारी बाग बंद असते, म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही शिबपूरला गेलो. विद्यासागर सेतूवरून हुगळी ओलांडली की हावड्याच्या बाजूला आचार्य जगदीशचंद्र बोस बॉटनिकल गार्डन आहे. १७८७ साली सुरू झालेली. लोक जातात ते महावटवृक्ष पाहायला. तो आहेही तसाच. मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ साली काढलं, तरी पारंब्यांवर सगळं झाड उभं आहे, आणि आत कुठे सुरुवात शोधायची तेच कळत नाही. तो माशांचं पुस्तक लिहिणारा हॅमिल्टन काही काळ याच बागेचा प्रमुख होता, हे मला जायच्या आदल्या रात्री वाचताना कळलं. मग मी वडाकडे कमी आणि तळ्यांकडे जास्त पाहिलं.

तळ्याच्या काठाशी आम्ही बसलो. पाणी चहाच्या रंगाचं, वर कमळाची पानं, कडेला गवत पाण्यात झुकलेलं. वारा नव्हता. भाचीने झाडाचं एक सुकं पान पाण्यात ठेवलं आणि आम्ही ते पाहत बसलो. खूप वेळाने ते वीतभर सरकलं असेल.

‘इथे फिल्टर कुठे आहे?’ तिने विचारलं.

मी गवताकडे बोट दाखवलं. मुळं, चिखल, पानांचा कुजका थर, त्यावर वाढलेले जिवाणू. टाकीतला स्पंज त्याचीच छोटी नक्कल. तिला ते फारसं पटलं नाही. तिचं लक्ष पानाखाली गेलं होतं. तिथे चार-पाच बोटभर मासे काही न करता थांबले होते. मधूनच एखादा वर यायचा, पृष्ठभागाला ओठ लावायचा, एक छोटं वर्तुळ उमटायचं आणि तो परत खाली. ते सगळे जिलबीचे नातेवाईक आहेत असं तिने जाहीर केलं. मी वाद घातला नाही.

घरी येऊन तिने टाकीत पानं हवीत म्हणून हट्ट धरला. हा हट्ट रास्त होता. पाण्यावर तरंगणारी रोपं धार मोडतात आणि गोरामींना आडोसा देतात. पुढच्या रविवारी ती गॅलिफ स्ट्रीटवरच वीस रुपयांना मूठभर मिळाली, तोवर मी पुण्याला परतले होते.

मग रोज व्हिडिओ कॉल. पहिला आठवडा ती रात्री उठते का, हे पाहायला ताई जागी राहिली. दोन रात्री पोरगी उठली, टाकीसमोर बसली, स्पंजला हात न लावता नुसती पाहत राहिली आणि परत जाऊन झोपली. नंतर उठली नाही. बुंदी दिवसभर स्पंजवर तोंड आपटत काहीतरी टिपत असते. जुना फिल्टर महिन्याने काढायचा होता, पण झेब्रे त्याच्या धारेत ओळीने उभे राहतात म्हणून तो स्पंज चढवून तसाच, कमीवर चालू आहे.

काल रात्री साडेनऊला फोन वाजला. कॅमेरा टाकीच्या कोपऱ्याला लावलेला. तरंगत्या पानांच्या खाली साबुदाण्यासारख्या बुडबुड्यांचा एक पुंजका जमला होता आणि त्याच्याखाली संदेश पहारा देत होता, गळ्यापासून पोटापर्यंत काळानिळा झालेला. नर गोरामी अंड्यांसाठी असं बुडबुड्यांचं घरटं बांधतो, आणि पाणी हललं की ते मोडतं. ताईचा आवाज मागून येत होता, ‘आता झोप, दहा वाजत आले.’

भाची पंपाचा खटका कमी करत होती. अगदी हळूहळू, एका वेळी एक बुडबुडा कमी.